पाटीचा लिलाव

नवापूरच्या फलाटावर एक बाकडं आहे,
अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत.
सुरतेहून परतताना त्यावर टेकलो आम्ही दोघं.
शांतवनच्या गळ्याला भोक,
भोकावर जाळीचा रुमाल,
माझ्या पिशवीत दवाखान्याचे कागद नि उरलेली बिस्किटं.
आवाज तिकडच्या अर्ध्यात राहिला.

पंचवीस वर्षं हा माणूस चर्चमध्ये
पहिली ओळ उचलायचा.
पेटी बिघडली तरी सूर बिघडायचा नाही.
बायका म्हणायच्या, इलीशिबा, तुझं बरंय, घरातच घंटा.
आता घरात शिट्टी,
श्वास आत जाताना बारीक, बाहेर येताना ओली.
रात्री मी ती मोजत पडते,
मोजता मोजता देवाशी भांडते, पुटपुटत,
भांडण संपायच्या आत उजाडतं.

कोंबडा आरवत नाही.
साथ आली तेव्हा सरकारी माणसांनी
शेडमधल्या, घरातल्या, साऱ्या खड्ड्यात घातल्या.
वर चुना. चुन्याखाली माझी हजेरीही.
पेत्राला रडवायला गावात एक कोंबडा उरला नाही.

हंगामाच्या सणाला ज्याने त्याने असेल ते आणलं,
तुरीच्या ओल्या शेंगा, नागली, एक वाकडा भोपळा,
कुणी नुसती चुलीची लाकडं.
मी रिकाम्या हाताने गेले, दाराशी बसले,
जिथून लवकर उठता येतं.
पाळकसाहेब म्हणाले, कुणाला साक्ष द्यायचीय?
शांतवन उठला.

मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.
त्याने नातवाची पाटी काढली,
ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहिला:
आभार.
वर धरली. उजवीकडे फिरवली, मग डावीकडे,
पूर्वी बाप्यांचा सूर लागला की
बायकांना खूण करायचा तशी.
कुणी आमेन म्हटलं नाही.
पंखा तेवढा फिरत राहिला.
मी मनात म्हटलं, कशाचे रे?
कशाचे?

उपासना सुटल्यावर लिलाव, आवारात, चिंचेखाली.
पाटी कुणीतरी अर्पणाच्या टेबलावर ठेवलेली,
भोपळ्याला टेकवून.
याफेथने न बघताच उचलली.
बोला, बोला, ताजा माल, किती?
मग त्याने वाचलं.
हात वरच राहिला.
पोरं हसली, आणि मोठ्यांकडे बघून गप्प झाली.

माझ्या गाठीला तीस रुपये होते, जीपचं भाडं.
"तीस!"
माझाच आवाज मला परका वाटला, इतका मोठा.
खरं सांगते, भक्तीबिक्ती काही नव्हती.
पाटीशिवाय हा मीठ कसं मागणार,
दुखतंय कुठे ते कसं सांगणार,
एवढंच डोक्यात.
तीस एक. तीस दोन.
याफेथ उगाच रेंगाळला, वर कुणी गेलं नाही.
पाटी माझी झाली.
आभारही माझे झाले, पैसे मोजून,
आणि कशाचे ते अजून कळलेलं नाही.

पायीच निघालो. रंगावलीच्या पुलावर
त्याला दम लागला, कठड्याशी बसलो.
खाली पाणी थोडं, दगड फार.
या वेळी मी तोंडाने विचारलं: कशाचे?
त्याने पाटी मांडीवर घेतली,
शब्द पुसला नाही,
खाली उरलेल्या जागेत बारीक लिहिलं:
कान शाबूत आहेत.
रात्री तुमचं दोघांचं ऐकतो.

दोघांचं.
मी तर एकटीच बोलत होते इतके महिने.

वाऱ्याने रुमाल हलला, शिट्टी वाजली,
त्याचे खांदे गदगदले. हसत होता.
मी पदर ओला केला,
खालची ओळ पुसली,
वरचा शब्द राहू दिला.

मीठ मागायला
अर्धी पाटी पुरते.